कासवाचा पाठ

मराठवाड्यातील बहुतेक जुन्या देवळांत देवापाशी पोहोचण्याआधी कासव भेटते. सभामंडपाच्या फरशीत कोरलेले, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेले. अंबाजोगाईच्या परिसरात लहानाचे मोठे झालेल्या आम्हांला त्याला हात लावून पुढे जायचे, एवढेच ठाऊक होते. अर्थ पुढे पुस्तकांतून कळला. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. कासव जसे आपले अवयव सर्व बाजूंनी आत ओढून घेते, तशी ज्याने इंद्रिये विषयांपासून आवरली तो स्थितप्रज्ञ. ज्ञानेश्वरीमुळे ही उपमा मराठी मनात रुजली. महाविद्यालयात मराठी शिकवू लागल्यापासून ती आम्ही किती वेळा उलगडून सांगितली असेल, याची गणती नाही. सांगताना दोन्ही हात छातीशी ओढून घेण्याचा अभिनयही करत असू. कासव म्हणजे हवे तेव्हा बंद होणारे घर. बाहेरचे बाहेर, आतले आत, असा आमचा साधा पाठ होता.

तो पाठ अपुरा आहे, हे कळायला अण्णांचे आजारपण यावे लागले.

अण्णा म्हणजे आमचे वडील. केज तालुक्यात ओढ्याच्या काठी त्यांची थोडी जमीन आणि एक जुनी विहीर. तो ओढा पुढे मांजरेला मिळतो. विहिरीत एक कासव होते. कासव असले की पाणी स्वच्छ राहते, या समजुतीने ते विहिरीत सोडण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे. ते कधी आणि कोणी सोडले, हे अण्णांनाही सांगता येत नसे. २०१६च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तोच हा उन्हाळा. आमच्या विहिरीनेही तळ दाखवला, म्हणून गाळ काढायला माणसे उतरली. हातभर चिखलाखाली, दगड समजून ज्याला पहार लागणार होती, ते कासव निघाले. जिवंत.

गोड्या पाण्यातील या कासवाच्या मागच्या पायांपाशी कातडीच्या दोन झडपा असतात. पाय आत घेतले की त्या दारासारख्या मिटतात. पाणी आटले की चिखलात स्वतःला गाडून घेऊन ते पावसाची वाट पाहते. आम्ही हरखून गेलो. वर्गात शिकवलेली उपमा चार पायांवर समोर आली होती! अण्णांना उपमेशी देणेघेणे नव्हते. ते म्हणाले, "जपून ठिव रे त्याला. इहिरीचं राखणदार हाय ते." पाऊस पडेपर्यंत ते गोठ्यातल्या हौदात राहिले आणि ओढा वाहू लागल्यावर अण्णांनी त्याला ओढ्यात सोडले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला वाघाच्या पंक्तीचे संरक्षण आहे, ते पकडणे वा बाळगणे गुन्हा आहे, हे आम्हांला नंतर समजले.

त्यानंतर काही वर्षांनी अण्णांना लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग झाला. ताप उतरेना. एक गोळी झाली, दुसरी झाली, इंजेक्शने झाली. शेवटी तपासणीचा कागद हाती आला. डाव्या बाजूला औषधांच्या नावांची उभी यादी आणि प्रत्येक नावापुढे एकच अक्षर: 'आर', 'आर', 'आर'. खूप खाली कुठे तरी दोन 'एस'. आम्ही आयुष्यभर कागद वाचण्याचेच काम केले. पण एका अक्षराने इतके भ्यालो नव्हतो. तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सर, या जंतूला ही सगळी औषधं पाठ झाली आहेत." मग त्यांनी विचारले, "आधी घरी कोणकोणत्या गोळ्या घेतल्या होत्या?"

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर आमच्या घराचाच इतिहास सांगावा लागला असता. सर्दीला दुकानातून सुट्या आणलेल्या चार गोळ्या, त्यांतल्या दोन घेऊन बरे वाटल्यावर डब्यात ठेवलेल्या दोन. त्या दोन पुढच्या तापात दुसऱ्याच कोणाला. म्हशीची कास सुजून दगडी झाली की सडात सोडायच्या औषधाच्या नळ्या. वापरून झाल्या की ओढ्यात. दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या मुदत संपलेल्या पट्ट्या, त्याही ओढ्यात. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. काटकसर होती, घाई होती आणि पाणी सगळे वाहून नेते हा विश्वास होता.

अण्णांना उरलेल्या दोन औषधांपैकी एक लागू पडले आणि तीन आठवड्यांनी ते घरी आले. पूर्वीसारखे मात्र झाले नाहीत. शेताच्या बांधावर आता काठी आणि आमचा खांदा, दोन्ही लागतात. त्या तीन आठवड्यांत रुग्णालयाच्या बाकावर बसून आम्ही आमच्या विषयाबाहेरचे बरेच वाचले. त्यातले काही साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावेसे वाटते, कारण ते आमच्या विषयाबाहेरचे नाही असे आता वाटू लागले आहे.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानाच्या अखेरीस एक छोटी काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत आणून घेतो, पण अपुरे: जंतू मरण्याइतके नाही, मात्र त्यांना प्रतिकार शिकवण्याइतके. पुढे तेच जंतू त्याच्या बायकोला गाठतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न विचारून फ्लेमिंग उत्तरही देतात: तो गृहस्थ. जंतूंना शिकवण्याची कल्पना त्यांचीच. अर्धवट शिकवणीचे परिणाम काय होतात, हे शिक्षकांना निराळे सांगायला नको. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

प्रतिकाराची ही विद्या जिवाणूंना आपण पहिल्यांदा दिली, असेही नाही. कॅनडातील युकॉन प्रांतात तीस हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीत प्रतिकाराची जनुके सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. बुरशी आणि जिवाणू यांचे वैर माणसाच्या औषधालयापेक्षा फार जुने आहे. आपण त्या विद्येला बाजारपेठ मिळवून दिली, एवढेच. शिवाय ही विद्या आईकडून लेकरालाच मिळते असे नाही. प्लाझ्मिड नावाची जनुकांची लहानशी कडी एक जिवाणू शेजारच्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. मुकुंदराजांच्या गावात वाढलेल्या माणसाला यावरून पोथ्यांची आठवण होणे साहजिक आहे. एका मठातली पोथी दुसऱ्या मठातल्याने उतरवून घ्यावी आणि तिथून ती तिसऱ्या गावी जावी, तसा हा व्यवहार चालतो. अशा नकला जिथे सर्वांत सोयीने होतात त्या जागा म्हणजे आतडे, सांडपाणी आणि साठलेल्या पाण्याचा तळ.

आणि तळाशी कोण राहते? कासव. ते गाळात वावरते, शेवाळ, गोगलगायी, मेलेले मासे, जे वाहून येईल ते खाते, आणि वर्षानुवर्षे जगते. औषधाची गोळी त्याने कधी पाहिलेली नसते, तरीही पाण्यातून आलेली नक्कल त्याच्या पोटातल्या जिवाणूंपर्यंत पोहोचते. ते आजारी दिसत नाही. फक्त आपली पोथी जपून ठेवते. गॅलापागोस बेटांवरच्या प्रसिद्ध महाकाय कासवांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसांच्या शेती-वस्तीजवळ राहणाऱ्या कासवांत प्रतिकाराची जनुके अधिक आढळली. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात तर शिकवणी थेट झाली. पाळीव कासवांमुळे मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होतो म्हणून १९७५ साली तिथे लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. परदेशी विक्रीसाठी निर्जंतुक पिल्ले हवीत म्हणून कासवांची अंडी जेंटामायसिन या औषधात बुडवू लागले आणि काही वर्षांत जेंटामायसिनला न जुमानणारा साल्मोनेला तयार झाला. दोष कासवाचा नव्हता.

इतके लांब जायचीही गरज नाही. आमचीच मांजरा पाहा. पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते, धनेगावला अडते, लातूर आणि बीदर ओलांडून तेलंगणात शिरते आणि शेवटी गोदावरीला मिळते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू भागात औषधांचे कारखाने आहेत. सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध करून त्या वेळी ज्या नाल्यात सोडले जाई, त्याचे पाणी नक्कावागूमार्गे मांजरेत जात असे. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी त्या शुद्ध केलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन मोजले: लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तात ते जेवढे असते, त्याहून जास्त! तिथले पाणी उलटे वाहत केजला येत नाही, हे खरे. पण अण्णांच्या कागदावर 'आर' लागलेल्या औषधांत सिप्रोफ्लॉक्सासिनचे नाव वरून तिसरे होते. नदीच्या वरच्या अंगाला आमच्यासारखी घरे मूठमूठ टाकतात, खालच्या अंगाला कारखाने पोत्याने. नाव एकाच नदीचे.

आता वर्गात स्थितप्रज्ञ आला की आम्ही थोडे थांबतो. कासव पाय आत घेते, झडपा मिटते. पण ज्या पाण्यात ते आहे ते पाणी आधीच आत असते. अंग आवरले म्हणून पाण्याशी नाते तुटत नाही. संतसाहित्यात कासवाची दुसरीही एक उपमा आहे, कूर्मीदृष्टीची. कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. दूरवरून नुसती पाहते आणि त्या नजरेने पिले वाढतात. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ती खरंच पाहते का हो?" खरे सांगायचे तर नाही. ती काठाच्या मातीत अंडी पुरते आणि पाण्यात निघून जाते. पिलांना आई भेटत नाही. भेटते ती माती आणि ते पाणी. आम्ही तिला एवढेच सांगितले आणि वर्ग क्षणभर गप्प झाला. मायेची नजर म्हणून संतांनी जे पाहिले, ते त्या पिलांच्या वाट्याला काठ आणि पाणी होऊन येते. ते कसे असावे हे ठरवणे आता कासवीच्या हाती राहिलेले नाही.

अण्णा अधूनमधून विचारतात, "ते कासव दिसलं का रं वढ्यात?" दिसले नाही, असे आम्ही सांगतो. आजारपणातून उरलेल्या औषधांचा डबा फडताळात आहे. त्याचे नेमके काय करावे, हे अजून ठरलेले नाही. ओढ्यात टाकायचा नाही, एवढे मात्र ठरले आहे.