पडद्यावरचा यतिभंग

मराठीच्या दोन प्राध्यापकांनी ग्राफिक्स कार्डावर लिहिणे हा अनधिकार आहे, हे आम्ही जाणून आहोत. आमच्या घरी संगणक आला तो गुणपत्रिका भरण्यासाठी आणि शोधनिबंध टंकण्यासाठी. त्याच्या पोटात काय चालते याची चौकशी करण्याची वेळ आम्हा उभयतांवर कधी आली नव्हती. ती २०२४ च्या पावसाळ्यात आली, आणि तिच्या मुळाशी आमचीच एक चूक होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची मुलगी तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने एक मॉनिटर घेतला. सत्तावीस इंची, आडवे २५६० आणि उभे १४४० ठिपके, आणि मुख्य म्हणजे १४४ हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा. ती आणि तिच्या चार मैत्रिणी 'व्हॅलोरंट' नावाचा खेळ खेळतात. पाच जणींचा एक संघ, समोर दुसरा तसाच संघ. २०२० साली आलेल्या या खेळात कोपऱ्याआडून कोणी डोकावले तर ते आधी कोणाला दिसते, यावर बरेचसे ठरते. तिच्या संगणकात मात्र वेगळे कार्ड नव्हते. मदरबोर्डावरच्या जुन्या एचडीएमआय जोडणीतून त्या मॉनिटरला ६० च्या पुढे जाता येत नव्हते. तिने आमच्याकडे कार्ड मागितले. आम्ही टाळाटाळ केली.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. गणपतीत घरी पाहुणे जमलेले असताना विषय निघाला आणि आमच्यापैकी एकाने, वर्गात बोलावे तशा आवाजात, सांगून टाकले की माणसाच्या डोळ्याला सेकंदाला चोवीस चित्रांपलीकडे काही कळतच नाही. सिनेमा चोवीसवर चालतो तो काय उगाच? दुसऱ्याने मान डोलावली. पाहुणे हसले. ती काही बोलली नाही, आरतीचे ताट उचलून आत गेली. त्यानंतर तिने कार्ड मागणे सोडले. मुलांनी हट्ट धरला की त्रास होतो खरा, पण हट्ट सोडला की होणारा त्रास अधिक खोल असतो, हे आम्हांला पुढच्या दोन आठवड्यांत कळले. ती जेवायला यायची, विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायची.

आम्ही नाशिककर. दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे, त्यामुळे चित्रपटाच्या जन्माविषयी आपल्याला काही कळते असा येथील प्रत्येकाचा समज असतो. त्या समजापोटीच चोवीसचा आकडा आमच्या तोंडी आला होता. मनाला लागलेली टोचणी जाईना म्हणून पुस्तके काढली, तेव्हा लक्षात आले की चोवीस हा डोळ्याचा आकडा नव्हेच. तो आवाजाचा आकडा आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत आणि वेग फिरवणाऱ्याच्या मनगटावर असे. बोलपट आला, ध्वनी फिल्मच्याच कडेला मुद्रित होऊ लागला, आणि वेग डळमळला तर आवाज चिरकू लागला. तेव्हा एक वेग पक्का करणे भाग पडले. ध्वनी नीट यावा आणि महागडी फिल्म फार खर्ची पडू नये, या दोन गरजांची तडजोड म्हणजे चोवीस. शिवाय चोवीसवर डोळ्याला लुकलुक जाणवते, म्हणून प्रक्षेपकाची झडप प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवते. म्हणजे चोवीस डोळ्याला पुरत नाहीत हे प्रक्षेपक बनवणाऱ्यांना ठाऊक होते. आम्हांला नव्हते. आणि १९१२ मध्ये ज्या माणसाने वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र करून टिपली, त्याचे नाव घेऊन आम्ही हे अज्ञान मिरवत होतो.

पाहुण्यांसमोर बोललेले वाक्य पाहुण्यांसमोरच मागे घ्यायला हवे. पण पाहुणे जमणार पुढच्या गणपतीत. आम्ही तिच्या खोलीत जाऊन, जरा अवघडून, चूक कबूल केली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबा, मान्य करून काय उपयोग? तुम्ही बघा."

त्या रविवारी तिने मैत्रिणीचे एक जुने कार्ड उसने आणले आणि आमची परीक्षा घेतली. आम्ही पाठ करून उभे राहायचे. ती मॉनिटर कधी ६० वर, कधी १४४ वर ठेवणार. मग आम्ही माउस हलवून कोणता ते सांगायचे. दहा वेळा. उत्तरपत्रिका तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिली. आमच्यापैकी एकाला दहापैकी नऊ गुण मिळाले, दुसऱ्याला पाच. पाच म्हणजे नाणे उडवून मिळाले असते तेवढेच. नऊ कोणाचे आणि पाच कोणाचे हे येथे सांगत नाही. एवढेच सांगतो की गणपतीतले ते व्याख्यान नऊवाल्याचे होते.

पाचवाल्याचा प्रश्न राहतोच. जो फरक मला दिसत नाही तो दुसऱ्याला दिसतो, यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? नंतर जाणवले की आम्ही वीस वर्षे विद्यार्थ्यांकडे हीच मागणी करत आलो आहोत. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत एकोणीस अक्षरे असतात आणि बाराव्यावर यती असतो. ती जागा शब्दाच्या मधोमध आली की ओळ ठेचकाळते. आम्ही फळ्यावर दोन ओळी लिहितो, म्हणून दाखवतो, "ऐकू आले?" म्हणून विचारतो. साठांतल्या दहांना ऐकू येते. उरलेल्यांना आम्ही सांगतो, विश्वास ठेवा, कान तयार होईल. आता आमच्यापैकी एक त्या उरलेल्या पन्नासांत बसला होता.

ही तुलना नुसती भावनिक नाही, कार्ड निवडताना ती कामी आली. ६० हर्ट्झवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर ६.९. एवढ्या अवकाशात कार्डाने पुढचे चित्र रंगवून द्यायचे. २५६० गुणिले १४४० म्हणजे ३६,८६,४०० ठिपके. सेकंदाला १४४ वेळा म्हणजे त्रेपन्न कोटींहून अधिक. नेहमीच्या १९२० × १०८० च्या पडद्यावर ६० वेळा रंगवायचे तर साडेबारा कोटीही भरत नाहीत. काम चौपटीहून वाढले. दुकानदार आणि जाहिराती सरासरी सांगतात: या खेळात अमुक कार्ड सेकंदाला इतक्या फ्रेम देते. पण सरासरीने मात्रा जुळतात, यती जुळत नाही. सेकंदात १४० चित्रे आली, पण त्यांतले एक चाळीस मिलिसेकंद रेंगाळले, तर सरासरीला त्याचा पत्ताही लागत नाही. हाताला मात्र ठेच लागते. म्हणून जाणकार सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा आकडा वेगळा पाहतात. मुलीने तो रकाना दाखवला तेव्हा आम्ही दोघे एकदमच "यतिभंग" म्हणालो. ती बऱ्याच दिवसांनी हसली.

मंद फ्रेमचा दोष दर वेळी कार्डाचा असतो असेही नाही. व्हॅलोरंटसारख्या खेळात चित्रे साधी असतात. तेथे ओझे अधिक पडते ते प्रोसेसरवर. तिचा दहाव्या पिढीचा सहा कोअरचा प्रोसेसर त्या खेळाला पुरेसा होता. उलट विस्तीर्ण जंगले, पाऊस, प्रतिबिंबे असले खेळ त्याच पडद्यावर १४४ ने चालवायचे तर कार्डाची किंमत लाखाकडे सरकते. तेथे दुसरी सोय आहे: मॉनिटरने कार्डासाठी थांबणे. कार्डाने नव्वद चित्रे दिली तर पडदाही नव्वद वेळाच बदलतो, त्यामुळे अर्धे जुने आणि अर्धे नवे चित्र एकदम दिसून पडदा फाटल्यासारखा वाटत नाही. एएमडी याला फ्रीसिंक म्हणते. एनव्हीडियाने आपल्या जीसिंकसाठी आधी मॉनिटरात स्वतःचा खास भाग असण्याची अट घातली होती, २०१९ मध्ये ती सैल केली. तिचा मॉनिटर फ्रीसिंकचा होता, म्हणजे दोन्ही कंपन्यांची दारे उघडी होती.

एम. जी. रोडवरील एका दुकानदाराने आमचे वय आणि चष्मे पाहून पंचाहत्तर हजारांचे कार्ड पुढे केले. "सर, पाच वर्षं बघायला नको." आमच्याजवळ होते पस्तीस हजार. वाळवी लागलेल्या लाकडी कपाटाऐवजी पुस्तकांसाठी पोलादी कपाट घ्यायचे म्हणून ते बाजूला काढले होते. पुस्तके आणखी वर्षभर लोखंडी पेट्यांत राहतील असे ठरले. तो निर्णय आम्ही समजत होतो तितका जड गेला नाही.

पस्तीस हजारांत तीन नावे उरली. आरटीएक्स ३०६० जुने, २०२१ चे, पण त्याची स्वतःची मेमरी १२ जीबी. आरटीएक्स ४०६० जून २०२३ चे, त्याहून वेगवान, वीज जेमतेम ११५ वॅट. मेमरी मात्र ८ जीबी. एएमडीचे आरएक्स ६७५० एक्सटी या दोघांहून दणकट, मेमरी १२ जीबी, पण २५० वॅट मागणारे. आमचा एसएमपीएस ४५० वॅटचा. ते कार्ड घ्यायचे तर एसएमपीएसही बदलायचा, म्हणजे कपाटाच्या पैशांत भर घालायची. मुलगी म्हणाली, नको.

४०६० च्या जाहिरातीत 'फ्रेम जनरेशन'चा मोठा गाजावाजा होता. एनव्हीडियाने २०२२ मध्ये आणलेली ही युक्ती अशी की कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक चित्र स्वतः कल्पून घालते. आकडा जवळजवळ दुप्पट दिसतो. पण मधले चित्र कल्पायचे तर पुढचे खरे चित्र हाती येईपर्यंत थांबावे लागते. म्हणजे पाहणे गुळगुळीत होते, हाताला मिळणारा प्रतिसाद मात्र सुधारत नाही, उलट किंचित मागे पडतो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत पुढच्यांनी आपापल्या ओव्या घुसडल्या आणि एकनाथांना शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, हे शिकवण्यात आमची वर्षे गेली. प्रक्षिप्त ओवीही वृत्तात चपखल बसते. ती मूळची नसते, एवढेच. निसर्गदृश्ये पाहत हिंडण्याच्या खेळात प्रक्षिप्त फ्रेम चालून जाईल. जेथे कोपऱ्याआडचा शत्रू खरोखर कोठे आहे हे कळायचे आहे, तेथे तिच्या भरवशावर कार्ड निवडू नये. आम्ही तो आकडा खोडून उरलेल्यावर तुलना केली. तरीही ४०६० पुढे राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली, दादरला उतरून ग्रँट रोड, तेथून पायी लॅमिंग्टन रोड. एका गाळ्यात निम्म्या किमतीत तगडी कार्डे रचून ठेवली होती. मुलीने एक उलटून पाहिले, पंख्याचे पाते बोटाने फिरवले, आणि परत ठेवले. बाहेर आल्यावर सांगितले, अशी बरीच कार्डे आभासी चलनाच्या खाणकामात अहोरात्र जुंपलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली आणि त्यांचे काम सुटले. आम्हांला ती कार्डे उगीचच गिरणगावातल्या माणसांसारखी वाटली. पण घेतले नाही. पुढच्या दुकानात ४०६० एकोणतीस हजारांना, पक्क्या पावतीसह मिळाले.

आठ जीबीची रुखरुख राहिली ती राहिलीच. जून २०२५ मध्ये एएमडीचे १६ जीबीवाले आरएक्स ९०६० एक्सटी आले तेव्हा ती वाढली. मुलीने मात्र त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. जड खेळांत ती चित्राचा बारकावा एक पायरी खाली ठेवते आणि खेळते.

कार्ड बसवले त्या रात्री आम्ही दोघेही तिच्या खोलीत होतो. तिने डबा बंद केला, डिस्प्लेपोर्टची नवी केबल जोडली, संगणक चालू केला आणि हात धुवायला गेली. आमच्यापैकी एकाने माउस हातात घेऊन बाण पडद्यावर गोल फिरवला. पुन्हा फिरवला. ती परतली तेव्हा तो म्हणाला, "हे साठच आहे."

"कसं शक्य आहे, बाबा? कार्ड बसलंय."

"साठच आहे."

तिने सेटिंग उघडले. तेथे ६० लिहिलेले होते. विंडोजने जुनाच आकडा धरून ठेवला होता. तिने १४४ निवडले, माउस पुन्हा पुढे सरकवला आणि खुर्ची रिकामी करून दिली. "आई, आता तू," ती म्हणाली. "दहा वेळा. वही आणते."