बिनमोटरची ट्रेडमिल

काकतीत चालायला जागा नाही असं म्हटलं तर लोक हसतील. डोंगर आहे, शेतं आहेत, राणी चन्नम्माचं हे जन्मगाव. पण आमच्या घरातून शेताकडं जायचं तर आधी हायवेचा सर्व्हिस रोड ओलांडायचा. ट्रक, कारखान्यांच्या बसा, उलट्या बाजूनं सुसाट येणाऱ्या दुचाक्या. जूनपासून पाऊस, तोही बेळगावचा. अंधार पडला की कुत्री. मम्मीला शुगर आहे आणि डॉक्टर दर वेळी तेच सांगतात, रोज अर्धा तास चाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे हिशेब तोच. मम्मी मान हलवते आणि घरी येऊन म्हणते, "दिवसभर स्वयंपाकघरात चालतेच की गे."

म्हणून ट्रेडमिल. माझ्या ट्यूशनचे बारा हजार साठले होते, त्याच्या वर जायचं नव्हतं. एवढ्यात मोटरची धड मिळत नाही, तेव्हा मॅन्युअल बघायला लागले. मम्मी मात्र 'ट्रेडमिल' हा शब्द ऐकूनच बिचकली. मागच्या वर्षी तिची टीएमटी झाली होती. त्या तपासणीत बहुतेक ठिकाणी रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञानं १९६३ साली मांडलेली पद्धत वापरतात. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग वाढतो आणि चढही. मम्मीच्या लक्षात एवढंच राहिलंय की पायाखालची जमीन पळत होती आणि ती आपल्या हातात नव्हती. "मशीन थांबत न्हाई गे, आपणच पडायचं," असं ती सगळ्या मावश्यांना सांगून बसली होती.

तिला मी समजावलं ते असं. मोटरच्या मशीनवर पट्टा आपल्याला चालवतो. हिच्यात आपण पट्ट्याला चालवायचं. दोन रोलर, त्यांच्यावर पट्टा, पुढच्या रोलरला एक जड चाक. पाय मागं रेटला की पट्टा सरकतो आणि चाक त्याची गती टिकवतं. आपण थांबलो की तोही जरा वेळानं थांबतो. करंट लागत नाही, समोरचा मीटर पेन्सिल सेलवर चालतो. स्वस्त असण्याचं कारणही तेच, महागाची वस्तू जी मोटर, ती आपणच असतो.

हे जाहिरातीत सांगतात. पुढचं सांगत नाहीत. सपाट ठेवली तर पट्टा सरकायला फार जोर लागतो, म्हणून या मशीनला कायमचा चढ दिलेला असतो. म्हणजे हलका व्यायाम म्हणून घेतलेली गोष्ट पोटऱ्यांना आणि गुडघ्यांना बरीच जड जाते. सुरुवातीला दांडा घट्ट धरून रेटावंच लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही घेऊच नये, असं माझं मत आहे. मम्मीचे गुडघे ठीक आहेत. तिचे तळवे अधूनमधून बधिर होतात, शुगरमुळं. हे मला दुकानात जायच्या आदल्या रात्री कळलं, तेही "चप्पल कधी निसटते कळतच नाही" असं ती सहज बोलून गेली म्हणून. त्या एका वाक्यानं माझी सगळी यादी बदलली. कॅलरी मोजणारा मीटर, घडी किती लहान होते, सगळं मागं पडलं. दांडा केवढा लांब आहे आणि कडेला पाय ठेवायला पट्टी किती रुंद आहे, एवढंच उरलं.

बेळगावात एका दुकानात दोन मशीन होती. दुकानदार 'फोर इन वन' पुढं करत होता. चालायचं, वर कंबर फिरवायची चकती, पुश-अपचे दांडे, सिट-अपची सोय. किंमत जवळजवळ तेवढीच. "म्याडम, एकात चार!" मम्मीला पुश-अप मारताना डोळ्यांसमोर आणलं आणि मला हसू आलं. दुसरी साधी होती, पण तिचे दांडे दोन्ही बाजूंनी मागपर्यंत आलेले. मी म्हटलं, चढून बघ. मम्मी तयार होईना. "लोक बघूलालेत गे." साडीच्या निऱ्या पट्ट्यात जातील हीसुद्धा भीती, आणि ती खरीच होती. शेवटी निऱ्या खोचून, माझे बूट घालून ती चढली. चार पावलं टाकली आणि मुद्दाम थांबली. पट्टा थांबला. पुन्हा चार टाकली, पुन्हा थांबली. असं तिनं पाच-सहा वेळा केलं, दुकानदार कंटाळेपर्यंत. मग खाली उतरून म्हणाली, "ही चालेल."

येताना बसमध्ये मी तिला ऑस्कर वाइल्डची गोष्ट सांगितली. १८१८ मध्ये विल्यम क्यूबिट नावाच्या इंजिनिअरनं इंग्लंडच्या तुरुंगासाठी पायांनी फिरवायचं मोठं चाक काढलं, रिकाम्या हातांना काम म्हणून. त्याचंच नाव ट्रेडमिल. १८९५ साली वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली तेव्हा पेंटनव्हिलच्या तुरुंगात त्यालाही त्या चाकावर चढवलं. १८९८ च्या कायद्यानंतर ती शिक्षा बंद होत गेली. मम्मीनं सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे त्याला फुकट मिळाली, आणि आम्ही बारा हजार दिले?"

आता ती हॉलमध्ये खिडकीशी आहे. मम्मी चुडीदार आणि बूट घालूनच चढते, उतरल्यावर तळवे बघते, कुठं फोड आलाय का ते. पहिले चार दिवस दोन-तीन मिनिटांतच पोटऱ्या धरल्या. मग वेगळीच अडचण निघाली. तिला चालताना रोझरी म्हणायची होती आणि दोन्ही हात तर दांड्यावर. एक हात सोडायला मी साफ नकार दिला. त्यावर तिनं कपाटातून आजीची दहा खड्यांची अंगठी शोधून काढली, जी बोटातल्या बोटात अंगठ्यानं फिरवता येते. मीटरकडं ती बघतच नाही. काल मी बघितला. अकरा मिनिटं झाली होती आणि तिसरं रहस्य संपत आलं होतं.