लाल दोरीची बॅग

"म्हणजे ही बॅग आपल्याबरोबर नाही यायची?" मुंबईच्या विमानतळावर आजीने तिसऱ्यांदा विचारले.

२०२३ च्या मे महिन्यात ताईच्या बाळाच्या बारशाला आम्ही दोघे अमेरिकेत डे मॉईनला निघालो होतो. वाटेत फ्रँकफर्ट आणि शिकागो इथे विमान बदलायचे होते. बॅगेत आजीने बाळासाठी शिवलेली गोधडी होती, आजोबांच्या धोतराची आणि तिच्या स्वतःच्या लुगड्याची.

"अगं, चिठ्ठीवर शेवटचं गाव छापलंय. ती आपली आपण पोचते," मी ऐटीत सांगितले. फ्रँकफर्टला झालेही तसेच. आम्ही बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. बॅग आतल्या आत दुसऱ्या विमानात गेली. माझी ऐट दुप्पट झाली.

शिकागोचा कायदा निराळा. परदेशातून येणाऱ्याने अमेरिकेत जिथे प्रथम उतरायचे, तिथेच सहसा सामान उचलायचे, कस्टममधून न्यायचे आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा हवाली करायचे. चिठ्ठीवर शेवटचे गाव असले तरीही! (परदेशाहून मुंबईत उतरून पुढे नागपूरला जाणाऱ्यालाही बहुधा हेच करावे लागते, हे ज्ञान मला मागाहून झाले.) विमानात तशी सूचना दिली असेलही, मी घोरत होतो.

सामानाचा पट्टा फिरत होता. आजी थबकली. "अरे, ती लाल दोरीची आपलीच ना?"

"तशा शंभर असतात," म्हणत मी तिला हाताला धरून बाहेर काढले. मान वळवून पाहिलेसुद्धा नाही.

डे मॉईनचा पट्टा रिकामा झाला तेव्हा माझा चेहरा उतरला. खिडकीतल्या बाईंनी पावतीवरचा दहा आकडी क्रमांक यंत्रात घातला. बॅग शिकागोतच होती. फॉर्म भरून आम्ही निघालो. गाडीत आजी एक अक्षर बोलली नाही. "सांगत होते ना," असे म्हणाली असती, तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी बारसे झाले. बाळ दुकानातल्या दुलईत होते. आजीने पाळणा म्हटला, पण मधेच कडवे विसरली. ती पाळणा कधी विसरत नाही.

बॅग तिसऱ्या दिवशी दारात आली. आजीने गोधडी काढली, हुंगली आणि कठड्यावर उन्हात टाकली.

परतीच्या प्रवासात सामानाच्या पावत्या आजीच्या बटव्यात होत्या.