गाडीची वाट

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत नायिकांचे जे आठ भेद सांगितले आहेत, त्यांपैकीं निदान तीन वाट पाहण्यावरून पडलेले आहेत. घर सजवून दाराशीं बसते ती वासकसज्जा. ठरलेली वेळ टळल्यामुळें जिचा जीव वरखालीं होतो ती विरहोत्कंठिता. आणि संकेत देऊन प्रियकरानें जिला फसविलें ती विप्रलब्धा. शाळेंत संस्कृत शिकवितांना हा भाग आम्हीं कधीं मुलांपुढें काढला नाहीं; तो नेमलेला नव्हता, व नेमलेला असता तरी आम्हीं तो घाईनेंच उरकला असता. परंतु ह्या तिन्ही अवस्था एकाच व्यक्तीच्या ठायीं क्रमानें प्रकट होतांना आम्हीं पाहिल्या आहेत. ती व्यक्ति म्हणजे आमचे वडील बंधु अण्णा, वय वर्षें पंचाहत्तर. आणि ज्याची वाट पाहिली ती एक मोटारगाडी.

अण्णा १९७१ सालीं अमेरिकेस गेले व न्यू जर्सींत स्थायिक झाले. मुंबईस इंजिनियरिंग शिकत असतां चौपाटीवर त्यांनीं एक दोनच बैठकींची, उघड्या टपाची विलायती गाडी पाहिली होती. त्या काळीं आपल्याकडे मोटार म्हणजे अँबॅसिडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड, एवढींच नांवें. ती गाडी त्यांच्या मनांत घर करून राहिली. पण पुढें संसार, मुलांचीं शिक्षणें, घराचे हप्ते आणि येथें धाकट्या भावंडांचीं लग्नें ह्यांत पन्नास वर्षें निघून गेलीं. अखेर जानेवारी २०२१ मध्यें त्यांनीं एका जर्मन कंपनीच्या तसल्याच गाडीसाठीं अनामत भरली. कंपनी कोणती हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. विक्रेत्यानें सप्टेंबरचा वायदा केला. वहिनींनीं विरोध केला नाहीं; रंग मात्र त्यांनीं निवडला, गर्द निळा.

घरांतील तरुण मंडळींस हें वृद्धापकाळचें खूळ वाटलें. आम्हांस तसें वाटलें नाहीं. जन्मभर ज्यानें दुसऱ्यांच्या गरजा आधीं भागविल्या, त्याची एक हौस उशिरां कां होईना पुरी व्हावी, ह्यांत विनोद करण्यासारखें काय आहे? आम्हांस चिंता होती ती निराळीच. ह्या वयांत एकेक वर्ष मोठें असतें. डोळ्यांत मोतीबिंदु उतरत होता, गुडघे बोलूं लागले होते. आणि वाहन चालविण्याचा परवाना हा डोळ्यांच्या भरंवशावर असतो, खिशांतील पैशांच्या नव्हे.

सप्टेंबरचा डिसेंबर झाला व डिसेंबरचा मार्च. कारणें खोटीं होतीं असें आम्ही म्हणणार नाहीं. २०२० च्या साथींत मोटारींची मागणी एकाएकीं बसली, म्हणून कारखानदारांनीं चिपांच्या मागण्या रद्द केल्या. घरीं बसलेल्या जगानें त्याच वेळीं संगणक व फोन यांची खरेदी चालविली व चिपांचे कारखाने त्या कामास लागले. मोटारींची मागणी फिरून उठली तेव्हां चिपा शिल्लक नव्हत्या. आणि आजच्या एका मोटारींत त्या शेंकड्यांनीं लागतात. नखाएवढ्या वस्तूवांचून लाखाचें वाहन कारखान्यांत उभें राहिलें.

अण्णांनीं फोनवर जहाजांच्या हालचाली पाहण्याचा नाद लावून घेतला. एम्स नदीच्या मुखाशीं एम्डेन म्हणून जर्मन बंदर आहे; तेथें गाड्या चालवीतच जहाजाच्या पोटांत नेतात व अमेरिकेच्या किनाऱ्यावर तशाच चालवीत बाहेर काढतात. १० फेब्रुवारी २०२२ रोजीं 'फेलिसिटी एस' नांवाचें जहाज सुमारें चार हजार गाड्या घेऊन तेथून ऱ्होड आयलंडकडे निघालें. १६ तारखेस अझोर्स बेटांजवळ त्यास आग लागली. बावीसही खलाशी सुखरूप निघाले, ही परमेश्वराची कृपा. परंतु जहाज ओढून नेत असतां १ मार्च रोजीं तें बुडालें, व चार हजार गाड्या सुमारें तीन हजार मीटर खोल पाण्याखालीं गेल्या. लांबोर्घिनी कंपनीची अव्हेंतादोर ही गाडी तेव्हां निरोप घेत होती. तिच्यापैकीं कांहीं त्यांत गेल्या, म्हणून संपविलेलें तें काम कंपनीस पुन्हां हातीं घ्यावें लागलें. अण्णांची गाडी त्या जहाजावर नव्हती, ती अद्यापि जन्मलीच नव्हती. तरी त्या रात्रीं त्यांना झोप आली नाहीं, असें वहिनींनीं कळविलें. लगेच युक्रेनचें युद्ध पेटलें. मोटारीच्या अंगांतून जी तारांची जुडी फिरते, ती बरीचशी हातांनीं बांधावी लागते, आणि कित्येक जर्मन गाड्यांच्या जुड्या पश्चिम युक्रेनमध्यें तयार होत. तेथील काम अडलें, इकडचे कारखाने थांबले. मार्चचा जुलै झाला.

वाट पाहणें आमच्या कुटुंबास नवीन नाहीं. तीर्थरूपांनीं १९७४ सालीं स्कूटरसाठीं नांव नोंदविलें, ती १९८२ सालीं आली. किती स्कूटरी बनवाव्या हें सरकारी परवान्यावर ठरे, लोकांच्या गरजेवर नव्हे. परकीय चलनांत किंमत भरल्यास ती लौकर मिळे, अण्णांनीं डॉलर पाठवूं कां म्हणून विचारलें, तर तीर्थरूपांनीं लिहिलें, "आपल्या पुढें जे उभे आहेत, त्यांनाही घाई आहेच." तीं आठ वर्षें घरांत कोणीही कुरकुर केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. ह्याचें कारण आम्हांस असें दिसतें कीं, त्या वेळीं कोणी तारीखच सांगत नसे. मेघदूतांतील यक्षास शापाचा अंत प्रबोधिनीला होणार हें ठाऊक होतें, म्हणून तो दिवस मोजूं शकला. आम्हांस कांहींच ठाऊक नव्हतें, म्हणून आम्हीं मोजलेच नाहींत. दोन्ही गोष्टी माणसास सोसतात. सोसत नाहीं ती दिलेली व मोडलेली तारीख. प्रत्येक तारखेस अण्णा गाडीघर झाडून ठेवीत. चौथ्या तारखेस त्यांनीं तें झाडलें नाहीं. आणि फोनवर तें सांगतांना त्यांचा जो आवाज आम्हीं ऐकला, तो आम्हांस मुळींच आवडला नाहीं.

ह्याच सुमारास विक्रेत्यानें लाल रंगाची एक तयार गाडी पुढें केली, छापील किंमतीवर कांहीं हजार डॉलर जास्त घेऊन. त्या दिवसांत तिकडे ही चाल सर्रास होती. आपल्याकडे ह्यालाच 'ऑन' म्हणत. अण्णांनीं नकार दिला. रंग वहिनींचा होता.

निळी गाडी नोव्हेंबर २०२२ मध्यें आली. त्याच्या तीनच आठवडे आधीं वहिनी पायरीवरून घसरल्या व खुब्याचा सांधा कृत्रिम बसवावा लागला. शस्त्रवैद्यांनीं बजावलें, तीन महिने कंबरेंत काटकोनापेक्षां अधिक वांकावयाचें नाहीं. आणि ती गाडी तर जमिनीपासून वीतभर उंच! अण्णा गाडी बंदरावरून आलेल्या स्थितींत घरीं घेऊन आले, कापड घातलें व किल्ली देवघरांत ठेवली. आठवड्यांतून एकदां इंजिन चालू करून पाहत, तेवढेंच. एकट्यानें चक्कर मारून यावी असें वहिनी स्वतः म्हणाल्या. त्यावर त्यांनीं चष्मा पुसावयास घेतला.

वैद्यांनीं दिलेली तारीख मात्र मोडली नाहीं. जानेवारीच्या अखेरीस परवानगी मिळाली. रस्त्यांवर बर्फ वितळविण्याचें मीठ पसरलेलें होतें, त्यानें पत्रा गंजतो म्हणून शेजाऱ्यानें वसंतापर्यंत थांबण्याचा सल्ला दिला. अण्णांनीं त्याचे आभार मानले, वहिनींना दोन्ही हातांनीं धरून हळूच आंत बसविलें, व एडिसनला ओक ट्री रोडवर जाऊन मेथीच्या दोन जुड्या व नारळ घेऊन आले. नारळ वहिनींनीं मांडीवर धरला होता. गाडी आवाज फार करते, असें त्यांचें मत पडलें.