ऋण्यांची ओळ

प्रभूची प्रार्थना तशी लहान. पाठ असलेला माणूस अर्ध्या मिनिटात म्हणून मोकळा होतो. आमच्या घरात ती रोज संध्याकाळी, जनावरांचं उरकल्यावर आणि जेवायच्या आधी होते. तिच्यात एक ओळ आहे, ती शेतकऱ्याला जरा जास्तच कळते. आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलंय, तसं देवा तू आम्हाला सोड, असा तिचा अर्थ. मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथं पाप असा शब्द नाही, ऋण असा आहे. पाप म्हटलं की माणूस वर आभाळाकडं बघतो. ऋण म्हटलं की सोसायटीचा सचिव, खताच्या दुकानातली उधारी आणि कुणाकुणाला हातउसने दिलेले पैसे डोळ्यांपुढं येतात.

आमचं घर ख्रिस्ती झालं ते आजोबांच्या वेळी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ पासून नगरला त्यांचं काम सुरू झालं आणि पुढं ते सोलापूरकडं आले. त्यांच्या शाळेत आजोबा अक्षरं शिकले. जमीन पाच एकर, काळी, वतनातली. वतनातली म्हटल्यावर जात वेगळी सांगायला नको.

गावात ख्रिस्ती घरं दोनच. सोलापूरला चर्चला जायचं तर एसटी धरावी लागायची, ती चुकली की उपासना घरीच. आण्णा, म्हणजे माझे वडील, टाळ घेऊन नारायण वामन टिळकांची गीतं म्हणायचे. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, पण चाल आणि वळण त्यांनी आपलंच ठेवलं, अभंगाचं. आषाढीला पंढरपूरकडं निघालेले दिंडीतले लोक आमच्या लिंबाखाली सावलीला टेकले की माना डोलवायचे. कुठल्या देवाचं चाललंय हे त्यांना दुसऱ्या कडव्यात कळायचं. तरी कुणी उठून गेलेलं मला आठवत नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी अकरा-बारा वर्षांचा होतो. आदलं वर्षही कोरडंच गेलं होतं. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. पोरांना सुकडी, रेशनला लाल मिलो. तिची भाकरी थापताना हातातच तुटायची. आमच्याकडं एक पेव होतं. आण्णांनी मागल्या सुगीची मालदांडी त्यात भरून तोंड लिंपून टाकलं होतं. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, कोंडलेल्या हवेनं माणूस जागेवर जातो. आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तर उतरायचं. आणि पेव उघडल्याचं गावापासून लपतही नाही, त्या ज्वारीला वासच तसा असतो.

दुसऱ्या रात्री पहिला माणूस आला. ज्या घरात आम्हाला वरून ओंजळीत पाणी ओतायचे, त्या घरातला. अंधार पडल्यावर आला, मागच्या दारानं. मग एकेक येत राहिले. आण्णा पायलीनं मोजून द्यायचे आणि वहीत लिहायचे. सवाईनं नाही, दिढीनं नाही. नेलं तेवढंच परत करायचं. आईला हे अजिबात आवडायचं नाही.

"रातच्याला येत्यात, दिवसा वळख दावत न्हाईत. त्यास्नी कशापायी द्यायचं वो?"

"प्वाट दिवसाबी असतंय त्यांना," आण्णा म्हणाले.

अकरा नावं झाली होती. पुढच्या साली पाऊस झाला, ज्वारी आली, सात जणांनी माप परत घातलं. चौघांनी नाही. चौघांपैकी एकाची खरंच ऐपत नव्हती, तिघांची होती. १९७४ च्या उत्तम शुक्रवारी संध्याकाळी आण्णांनी वही काढली आणि चारही नावांवर रेघ मारली. कुणाला सांगितलं नाही, त्या चौघांनाही नाही. आई चुलीपुढनं म्हणाली, "देवाफुडं बोलाय सोपं हाय. पोरांच्या कापडाला काय इकू?"

"रोज म्हंतो न्हवं आपण? मग एक दिस करायबी पायजे."

मला तेव्हा आईचं पटलं होतं. आजही निम्मं पटतं. रेघ आण्णांनी मारली, पण त्या वर्षी जुनं लुगडं दंड घालून तिनं नेसलं. आण्णांच्या मातीला त्या चौघांतले दोघं आले, दोघं आले नाहीत. आले ते रेघेमुळं, असं मी म्हणणार नाही. मातीला गाव येतंच.

अशीच एक रेघ त्यांनी माझ्या नावावरही ओढली म्हणायची. शाळेत घालताना मास्तरांनी चांगल्या मनानं सुचवलं होतं, पोराची जुनी जात लिहा, सवलत मिळंल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्याच होत्या. पुढं १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. आण्णांनी ख्रिस्ती असंच लिहायला लावलं. दहावीनंतर शिकायला पैसे नव्हते, मी रानात आलो. कागदावर एक आणि वेदीपुढं एक असं जगणारी घरं मला ठाऊक आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्या पोरांची फी काही मी भरणार नव्हतो.

माफी म्हणजे काय हे आता गावाला शिकवायला नको. २००८ ची कर्जमाफी बघितली, २०१७ ची बघितली, २०१९ ची बघितली. पहिल्या दिवशी सगळे खूश असतात, मग यादी लागते, मग नाव नसलेले तालुक्याला खेटे घालतात. पण एक गोष्ट कळली. माफ झालेलं कर्ज हवेत विरत नाही, कुणीतरी ते भरतंच. बँक सोडते तेव्हा सरकार भरतं. आण्णांनी सोडलं तेव्हा आईच्या लुगड्यानं भरलं. ख्रुसाबद्दल पाळकसाहेबांनी पुष्कळ सांगितलंय, पण मला तो कळला तो ह्या हिशेबातनं.

आता माझी वही. सहा वर्षांमागं एकजण चाळीस हजार घेऊन गेला, बोअर मारायला. बोअर पाचशे फूट गेली, नुसता फुफाटा निघाला. तोवर मला काही वाटलं नाही. मग त्यानं कर्जावर ट्रॅक्टर घेतला. रोज माझ्या दारावरनं जायचा आणि घर आलं की नजर पलीकडच्या बाजूला. आण्णांचे ऋणी उपाशी होते, हा ट्रॅक्टरवर बसलेला. दोन्हीला एकच ओळ कशी लागू करायची? पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, सोडणं म्हणजे त्याचं बरोबर होतं असं म्हणणं नव्हे. बरं वाटलं, पण चाळीस हजार तिथंच होते. तुला सोडलं असं तोंडावर जाऊन सांगावं, तर तोही एक अपमानच.

गेल्या साली हस्ताचा पाऊस चांगला झाला. शुक्रवारी रान वापशावर आलं. आमच्यात रविवारी वैरण, पाणी, धार एवढंच करतात. औत नाही, पेरणी नाही. हे आण्णांपासनं चालत आलेलं. सोमवारपर्यंत थांबावं तर वरची ओल उडून जाणार. म्हणजे काय ते शनिवारीच. गावात त्या दिवशी एकच ट्रॅक्टर मोकळा, त्याचा.

मी फोन केला. तो जरा वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, "येतो, काका."

पोरगा म्हणाला, "भाडं द्यायचं न्हाई. चाळीसातनं वजा करा."

दिवसभर त्यानं पाचही एकर पेरलं. चांगली पेरली, ताशी कुठं वाकडी नाही. बायकोनं जेवायला वाढलं, आमच्यातच पंगतीला बसवलं. दिवस मावळताना मी एकरी आठशेनं भाडं त्याच्या हातात दिलं, पुरं. त्यानं नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग त्यातली दोनशेची एक काढून माझ्यापुढं धरली.

"एक जास्त आलीय, काका."

मी ती घेतली. वहीबद्दल तोही बोलला नाही, मीही नाही. ट्रॅक्टर रस्त्याला लागेपर्यंत अंधार पडला होता. घरात प्रार्थनेला सगळे थांबले होते, आणि पोरगा भिंतीला टेकून, तोंड फुगवून.