पाला अंगी लागतो तेव्हा

सांगोला तालुक्यात पावसानं दडी मारली की कडब्याचा भाव चढतो, पेंड हाताबाहेर जाते आणि सगळ्यात आधी हात आखडतो तो वगारींवर. दुभत्या म्हशीपुढं पेंड पडते, कारण ती संध्याकाळी दूध देते. वाढीच्या वगारीला उरलंसुरलं. मग तिची वाढ खुंटते, ती उशिरा माजावर येते आणि पहिलं वेत लांबतं. पंढरपुरी म्हशी सांभाळणाऱ्या आमच्या भागात हे मी लहानपणापासून पाहत आलोय.

२०१२-१३च्या दुष्काळात दुभती जनावरं चारा छावणीत गेली आणि वगारी घरीच राहिल्या. हिरवं म्हणून होता तो बांधावरच्या झाडांचा पाला. आकडीनं डहाळे ओढायचे, कडब्याच्या कुट्टीत मिसळायचे आणि गव्हाणीत टाकायचे. त्या दिवसांत गोठ्यावर आलेल्या पशुवैद्यांनी एक गोष्ट शिकवली : जनावरानं किती खाल्लं एवढंच पाहू नका, शेणही पाहा. १० किलो कोरडी वैरण खाल्ली आणि वाळल्यावर शेण ४ किलो भरलं, तर ६० टक्के वैरण पचली.

रोज असं वजन करणं घरी जमत नाही. त्यावर त्यांनी सोपी रीत दाखवली. ओंजळभर शेण चाळणीत घ्यायचं आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. नुसत्या कडब्यावरच्या वगारीच्या शेणातून चाळणीवर लांब, पिवळे, राठ धागे राहायचे. शेवरीचा पाला सुरू केल्यावर काही दिवसांतच ते आखूड झाले, भुशासारखे मऊ लागू लागले. पोटात फरक पडत होता, तो बोटांना कळत होता.

कारण साधं आहे. कडबा पचवतात ते म्हशीच्या पोटातले सूक्ष्मजीव, आणि त्यांना जगायला नत्र लागतं. वैरणीत साधारण ७ टक्के तरी प्रथिनं नसतील तर ते मंदावतात. ज्वारीच्या कडब्यात ती जेमतेम ३-४ टक्के असतात. सुबाभळीच्या कोवळ्या पाल्यात, वाळलेल्या वजनावर, २० टक्क्यांच्या पुढं. त्यामुळं थोडा पाला पडला की सोबतचा कडबाही जास्त पचतो.

पण सगळाच पाला सारखा पचत नाही. शेवरी आणि हादगा वगारी मिटक्या मारत खातात. बाभळीचा पाला तुरट. त्यातलं टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं आणि सूक्ष्मजीवांच्या हाती लागू देत नाही, म्हणून तो बेतानंच द्यावा. गिरिपुष्पाला उग्र वास असतो. त्याचा पाला तोडून सुकवून दिला तर जनावरं हळूहळू खायला लागतात. पानं जून झाली की पचन कमी होतं, म्हणून डहाळा कोवळा असतानाच तोडावा.

सुबाभळीबद्दल मात्र सावध राहावं लागतं. तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ओळखीच्या एका गोठ्यात दुसरं काही नाही म्हणून बरेच दिवस नुसती सुबाभूळच घातली गेली. वगारींचे केस गळाले, लाळ गळू लागली, चारा सुटला. पाला कमी करून कडबा वाढवल्यावर त्या सावरल्या. तेव्हापासून आम्ही सुबाभूळ एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देत नाही, आणि कुठलाही नवा पाला आठवडाभरात थोडा थोडा वाढवत नेतो. सोबत खनिज मिश्रण आणि पोटभर पाणी असतंच.

त्या दुष्काळात आमच्या वगारींची हाडं वर आली नाहीत. पुढं त्या वेळेवर माजावर आल्या आणि गाभण राहिल्या. पेंडीच्या पोत्यांनी जे परवडलं नसतं, ते बांधावरच्या झाडांनी केलं.

माझं सांगणं एवढंच आहे. दुष्काळ पडल्यावर झाड लावून उपयोग नसतो. येत्या पावसाळ्यात बांधाला शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा, पहिली वर्षं शेळ्यांपासून राखा, आणि त्या पाल्यावरचा पहिला हक्क वाढत्या वगारीला द्या.