कोमाबा-तोदाईमाए : एका फलाटाची दोन टोके

तोक्योतील शिबुया स्थानकावरून किचिजोजीकडे निघालेली इनोकाशिरा मार्गाची पाच डब्यांची लोकल लगेचच बोगद्यात शिरते, दोन बोगद्यांमधील शिनसेन स्थानकापुरती उजेडात येते आणि दुसऱ्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर कोमाबा-तोदाईमाए येथे थांबते. अंतर जेमतेम दीड किलोमीटरचे असले, तरी जलद गाड्या येथे थांबत नसल्याने प्रवाशाला धीमी गाडीच धरावी लागते. ‘तोदाई’ हे तोक्यो विद्यापीठाचे रूढ संक्षिप्त नाव असून ‘माए’ म्हणजे समोर. आणि हे वर्णन अक्षरशः खरे आहे, कारण दोन रुळांमधल्या एकुलत्या फलाटाच्या पूर्व टोकाने बाहेर पडणारा प्रवासी जिना उतरताच विद्यापीठाच्या फाटकाशी पोहोचतो. विद्यापीठात दाखल होणाऱ्या सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांची पहिली दोन वर्षे याच आवारात जात असल्यामुळे गर्दी या टोकालाच अधिक असते.

या जागेचा मूळ संबंध मात्र शेतीशी आहे. 1878 मध्ये कोमाबा येथे सुरू झालेली कृषिशाळा पुढे विद्यापीठाचा कृषिविभाग झाली, आणि 1935 मध्ये या विभागाने आपली जागा ‘इचिको’, म्हणजे पहिली उच्च माध्यमिक शाळा, हिला देऊन तिची होंगो भागातील जागा घेतली. 1933 मध्ये रेल्वेबरोबर उघडलेले येथील स्थानक या अदलाबदलीनंतर ‘इचिकोमाए’ झाले, ती शाळा विद्यापीठात विलीन झाल्यावर 1951 मध्ये ‘तोदाईमाए’ झाले, आणि 1965 मध्ये शेजारच्या कोमाबा स्थानकाशी जोडले जाऊन त्याला आजचे जोडनाव मिळाले.

पश्चिम टोकाने बाहेर पडणारे प्रवासी तुलनेने थोडे, परंतु पाहण्याजोगे अधिक तिकडेच आहे. रुळांलगतच्या उद्यानात भाताचे एक लहान खाचर राखलेले असून, 1881 मध्ये कृषिशाळेत शिकवण्यास आलेले जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओस्कार केलनर यांनी खतांचे प्रयोग केल्यामुळे ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आजही जवळच्या शाळेतील मुले तेथे भात लावतात आणि कापतात. कृषिविभाग गेला, खाचर राहिले. त्या विभागाच्या नव्या आवाराशेजारी 1996 मध्ये भुयारी रेल्वेचे स्थानक उघडले, तेव्हा त्याला नाव मिळाले तेही ‘तोदाईमाए’च, त्यामुळे परगावच्या माणसाला विद्यापीठाचा पत्ता सांगताना कोणते तोदाईमाए, हे आधी स्पष्ट करावे लागते.